ब्रॅकेट ही पायरी नव्हे

तलाक, शिक्षण, प्रतिनिधित्व, घर नाकारले जाणे, दंगलीनंतरचे खटले. या पानावर आपण नेहमी ज्या विषयांवर बोलतो, त्यांत लोखंडाच्या दोन त्रिकोणी तुकड्यांना जागा कशी मिळाली, असे काही वाचक विचारतील. मार्च संपत आला की मुंब्रा-कौसा, भिवंडी, कुर्ला, गोवंडी इथल्या कोणत्याही गल्लीत उभे राहा आणि वर बघा. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला एसी दिसेल. त्याच्याखाली कधी ब्रॅकेट असते, कधी नुसती ग्रिल, कधी दोन विटा आणि लाकडाचा ठोकळा. त्याच खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळणारा एक मुलगाही दिसेल. त्याचे वय तुमच्याइतकेच असते, बहुतेक वेळा तुमच्याहून कमी. तो बिनपट्ट्याचा असतो. त्याच्यासाठी हा लेख आहे, आणि त्याला घरी बोलावणाऱ्या आपल्यासाठीही.

एसी ही आता चैन राहिलेली नाही. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खाली, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, त्यांत एक आजारी म्हातारी आणि एक तान्हे मूल असते, तेव्हा लोक कर्ज काढूनही एसी घेतात. आपल्या वस्त्यांत विंडो एसी अजून टिकून आहे, त्यालाही कारणे आहेत. जुना एसी स्वस्तात मिळतो. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू तो उचलून नव्या खोलीत नेऊ शकतो. दोन इमारतींमध्ये हातभर बोळ असेल तिथे स्प्लिटचे बाहेरचे युनिट ठेवायला जागाच नसते. पण ज्या गुणामुळे तो सोयीचा वाटतो, त्याच गुणामुळे तो धोक्याचाही आहे: दर दीड-दोन वर्षांनी तो एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत जातो. प्रत्येक वेळी नवे भोक, नवा फिटर आणि तेच जुने गंजलेले ब्रॅकेट.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत करोल बागेजवळच्या डोरीवालान भागात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून एसीचे बाहेरचे युनिट खाली कोसळले. खाली स्कूटरवर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा मित्राशी बोलत होता. तो मुलगा गेला, मित्र जखमी झाला. ते दृश्य सीसीटीव्हीत कैद झाले होते, म्हणून देशभर पाहिले गेले. ते युनिट स्प्लिटचे होते, पण भिंतीबाहेरच्या वजनाचे गणित दोन्हीकडे एकच आहे. निष्काळजीपणामुळे माणसाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसी आपल्या मालकीचा आहे, तो आपल्या खिडकीत आहे आणि तो बाहेरच्या रस्त्यावर लोंबतो आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता ते गणित. दीड टनाच्या विंडो एसीचे वजन साधारण पन्नास ते साठ किलो असते. आपण पंचावन्न धरू. हे वजन सगळीकडे सारखे पसरलेले नसते. कॉम्प्रेसर हा सर्वांत जड भाग, आणि तो मागे, म्हणजे बाहेरच्या बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे एसीचा भार भिंतीच्या बाहेर साधारण तीस सेंटिमीटरवर एकवटला आहे असे समजा. ब्रॅकेट म्हणजे एक काटकोन: एक भुजा भिंतीला चिकटलेली, दुसरी आडवी बाहेर आलेली, आणि दोन्हींना जोडणारा तिरका आधार. एसीचे वजन आडव्या भुजेला खाली दाबते, तेव्हा ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकाभोवती फिरू पाहते आणि वरचा बोल्ट भिंतीतून बाहेर ओढला जातो. ब्रॅकेट पडते ते बहुधा लोखंड मोडून नव्हे, हा वरचा बोल्ट उपसून निघाल्यामुळे.

ओढ किती पडते? पंचावन्न किलो गुणिले तीस सेंटिमीटर, भागिले भिंतीवरच्या भुजेची लांबी. भुजा तीस सेंटिमीटरची असेल तर दोन्ही ब्रॅकेटांवर मिळून पंचावन्न किलो, म्हणजे प्रत्येकी साडेसत्तावीस. लोखंड वाचवण्यासाठी कोणी भुजा दहा सेंटिमीटरची केली, तर हीच ओढ तिप्पट होते, प्रत्येकी साडेब्याऐंशी. एसीचे थोडे वजन भिंतीच्या खाचेवर टेकलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा कमी येईल. पण कॉम्प्रेसर दिवसरात्र थरथरतो आणि नट हळूहळू सैल करतो, ते या हिशोबात धरलेलेच नाही.

आणि आता त्या ब्रॅकेटवर फिटरने पाय ठेवला. सत्तर किलोचा माणूस, भिंतीपासून पन्नास सेंटिमीटर बाहेर, सगळा भार एकाच बाजूवर. चांगल्या तीस सेंटिमीटरच्या भुजेवरही वरच्या बोल्टला आणखी जवळजवळ एकशेसतरा किलोची ओढ बसते. दहा सेंटिमीटरच्या भुजेवर ती साडेतीनशे किलो होते. प्लास्टरमध्ये ठोकलेला प्लग हे झेलू शकत नाही. ब्रॅकेटच्या खोक्यावर 'शंभर किलो क्षमता' असे छापलेले असले, तरी ते स्थिर ठेवलेल्या यंत्राबद्दल असते, बाहेर टोकाला उभ्या राहिलेल्या आणि हातातली ड्रिल मशीन दाबणाऱ्या माणसाबद्दल नव्हे. मी हे ज्या ज्या फिटरांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी सांगितले की ते ब्रॅकेटवर पाय ठेवतात. एक जण हसून म्हणाला, "पाय ठेवून बघतो, भाईजान. मला पेललं तर एसीला पेलेलच." त्याच्या दृष्टीने ती चाचणी होती.

भिंतीकडे येऊ, कारण ब्रॅकेट कितीही जाड घेतले तरी ते शेवटी ज्या भिंतीत अडकले आहे तिच्याइतकेच भक्कम असते. प्लास्टरचा थर बारा ते वीस मिलिमीटरचा असतो आणि त्याची ताकद हिशोबात धरायचीच नसते. अँकर बोल्ट प्लास्टर ओलांडून विटेच्या पोटात गेला पाहिजे, आणि तोही विटेच्या मध्यावर. दोन विटांमधल्या सांध्यात नको. नऊ इंची विटांच्या चांगल्या भिंतीत दहा किंवा बारा मिलिमीटरचा अँकर नीट धरतो. साडेचार इंची भिंतीत मला तो भरवशाचा वाटत नाही. तिथे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट लावणे बरे. दिसायला वाईट दिसते, पण पट्टीवर रंग मारता येतो. नव्या इमारतींत हलके, राखाडी, सच्छिद्र ब्लॉक वापरतात. त्यांत साधा फुगणारा अँकर घट्ट करताच आतला भाग भुगा होतो. तिथेही आरपार बोल्टच हवा, किंवा अशा ब्लॉकसाठी बनवलेला केमिकल अँकर. ड्रिल करताना लाल भुकटी निघते की राखाडी पीठ, एवढे पाहिले तरी भिंत कशाची आहे ते कळते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी सरकारी नियमावलीत सापडत नाही. मुंब्र्याजवळ शिळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ रोजी एक बेकायदा इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे मेली. त्या काळात आणि त्यानंतरही तशा घाईने उभ्या राहिलेल्या इमारतींत आपली हजारो कुटुंबे राहतात, कारण दुसरीकडे घर परवडत नाही किंवा आडनाव ऐकून दिले जात नाही. अशा भिंतीत सिमेंट किती आणि रेती किती हे देवालाच ठाऊक. छज्ज्याच्या खालून सळई दिसत असेल, प्लास्टर फुगून पोकळ वाजत असेल, बोल्ट फिरवताना भोक सैल होत असेल, तर तिथे एसी बसवू नये. जागा बदलावी, बीम किंवा कॉलमच्या जवळची जागा शोधावी. मुंबई महापालिका हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. सोसायटीकडे तिचा अहवाल मागायला लाजू नका.

ग्रिलबद्दल वेगळे सांगायला हवे. खिडकीची ग्रिल चोर आत येऊ नये म्हणून असते. ती लाकडी चौकटीत स्क्रूने किंवा भिंतीत दोन-चार खिळपट्ट्यांनी बसवलेली असते. ग्रिलच्या पिंजऱ्यात एसी ठेवून 'बसला' म्हणणे हा आपल्या वस्त्यांतला सर्वांत सर्रास आणि सर्वांत वाईट प्रकार आहे. समुद्राची खारी हवा आणि एसीचेच ठिबकणारे पाणी मिळून त्या स्क्रूंना दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकतात, आणि वरून रंग मारलेला असल्याने ते दिसतही नाही.

नीट बसवणे फार अवघड नसते. आधी खाचेत लाकडी चौकट घट्ट बसवायची. मग बाहेर दोन ब्रॅकेट, चाळीस मिलिमीटरच्या पाच मिलिमीटर जाड अँगलचे, जस्ताचा मुलामा दिलेले, एकाच उंचीवर. ब्रॅकेट आणि एसी यांच्यामध्ये रबराचे पॅड, नटाखाली स्प्रिंग वॉशर. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा पाच ते दहा मिलिमीटर खाली, म्हणजे पाणी खोलीत न येता मागे वाहते. याहून जास्त कललेला एसी हे चांगल्या कामाचे लक्षण नाही. पाण्याला पाइप लावायचा, खालच्या घराच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडायचा नाही. एसीच्या कुशीवरच्या जाळ्या पूर्णपणे भिंतीबाहेर राहिल्या पाहिजेत, नाहीतर गरम हवा कोंडते. ज्या मॉडेलची मशीन बॉडीतून सरकून निघते, तिथे आधी रिकामी बॉडी बसवून स्क्रूने पक्की करायची आणि मग मशीन आतून सरकवायची. असे केले तर जड वजन घेऊन कोणाला बाहेर वाकावेच लागत नाही. विजेबद्दल थोडक्यात: स्वतंत्र लाइन, सोळा अँपिअरचा तीन पिनी सॉकेट, तांब्याची जाड वायर, स्वतःचा एमसीबी, आणि खरे अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवू नये. लोखंडी ब्रॅकेट, ओली भिंत आणि नसलेले अर्थिंग एकत्र आले की ग्रिलला हात लावणारे मूलही सुरक्षित नसते.

आता तो मुलगा. आमच्या शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षी काम करणारा फिटर महाडकडचा होता, वय एकोणीस, सोबतचा हेल्पर त्याहून लहान. चहा पिताना मी त्याला पट्ट्याबद्दल विचारले. "आहे ना चाचा, गाडीच्या डिकीत आहे," तो म्हणाला. मग घालत का नाहीस? "घातला की वेळ जातो. बांधायचा कुठे, ते शोधत बसायचं. दिवसाला पाच कामं झाली तर पाचांचे पैसे. आणि पट्टा बघून गिऱ्हाईक म्हणतं, नवखा दिसतोय." या चार वाक्यांत सगळा प्रश्न आहे. त्याला मजुरी नगावर मिळते, म्हणून सावधगिरीची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरतो. पट्टा अडकवायला घरात जागा कोणी दाखवत नाही. आणि भीती दाखवणे मर्दानगीला शोभत नाही, ही समजूत त्याच्या डोक्यात आपणच भरली आहे. मोहल्ल्यात अशा मुलाला आपण कौतुकाने 'स्पायडरमॅन' म्हणतो. हे कौतुक बंद केले पाहिजे.

पट्टा म्हणजे कमरेचा दोर नव्हे. कमरेला दोर बांधून माणूस पडला तर दोर वाचवतो, पण पाठीचा कणा आणि पोट यांना जबर इजा करू शकतो. छाती, खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, आयएस ३५२१ हे भारतीय मानक त्यावर छापलेले असते. तो ब्रॅकेटला, ग्रिलला किंवा पलंगाच्या पायाला अडकवायचा नाही. घरातल्या आरसीसी कॉलमला फेरा मारून अडकवायचा, आणि दोर इतका आखूड ठेवायचा की माणूस खिडकीबाहेर घसरलाच तरी खाली जाणार नाही. खाली रस्त्यावर एक माणूस उभा करायचा, दोन खुर्च्या आणि दोरी लावून जागा अडवायची. आखातात काम करून आलेले आपले किती तरी लोक हे सगळे जाणतात. दुबई-कुवेतच्या साइटवर हार्नेसशिवाय शिडीला हात लावू देत नाहीत, हे ते अभिमानाने सांगतात. मग इथे परतल्यावर त्यांनी आपल्याच पुतण्याला तसा खिडकीबाहेर काढू नये.

घरमालक म्हणून आपली जबाबदारी भाव ठरवतानाच सुरू होते. फिटरने 'ब्रॅकेट वेगळे, बसवणी वेगळी' म्हटले की आपण पहिली कात्री ब्रॅकेटला लावतो. "जुनं आहे की, तेच लाव." हजारो रुपयांच्या वस्तूवर काही शे रुपये वाचवण्याची ही हौस मला कधी कळली नाही. भाव ठरवताना विचारा: ब्रॅकेट कोणते, बोल्ट किती जाडीचा, भिंत कशाची, हार्नेस आणला आहेस का, तो कुठे अडकवणार. कामाच्या वेळी घरात बहुधा आई किंवा बहीण असते, आणि तिने हे विचारले तर 'बाजी, तुम्हाला त्यातलं काय कळणार' असे उत्तर मिळते. उत्तर देता न येणाऱ्या फिटरला परत पाठवण्याचा अधिकार तिला आहे, हे घरातल्या पुरुषांनी आधीच फिटरला सांगून ठेवावे. हार्नेस घालण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे मात्र आपणच द्यायचे. ते मागायची त्याच्यावर वेळ आणू नये.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्यात कललेल्या भिंतीबद्दल एक तरतूद आहे. भिंत अचानक पडून कोणाचे नुकसान झाले तर मालक जबाबदार नाही. पण ती झुकली होती, ज्याला हक्क आहे अशा कोणी तरी ती पाडायला मालकाला बजावले होते आणि त्यासाठी पुरेसा वेळही गेला होता, तर भरपाई त्याच्यावर येते. जबाबदारी ठरते ती बजावण्यावर आणि मिळालेल्या वेळेवर. खालच्या मजल्यावरचे शेजारी येऊन सांगतात, "तुमचा एसी हलतोय," आणि आपण 'इन्शाअल्लाह, ईदनंतर बघतो' म्हणतो, तेव्हा ही तरतूद लिहिणाऱ्यांना आपण चांगले ओळखीचे वाटलो असतो.

तुमच्यातले जे स्वतः या धंद्यात आहेत किंवा येऊ पाहत आहेत, त्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले काम खरे असते, पण कंपनीत आणि परदेशात कागद विचारतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत वातानुकूलित यंत्रणा बसवणे आणि दुरुस्त करणे हे काम आहे. वय अठरा ते साठ आणि गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम, अशा कामगाराला तिथे नोंदणी करता येते. आपली बहुतेक मुले आपण 'बांधकाम कामगार' आहोत असे समजतच नाहीत, म्हणून तिकडे फिरकत नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण. बँक खाते असले की पुरते. विम्याने हाड जुळत नाही हे खरे. पण घरी वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही तरी येते. आणि अठरा वर्षांखालच्या हेल्परला खिडकीबाहेर पाठवू नका, तो कितीही हलका आणि चपळ असला तरी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला पाऊस यायच्या आत, मोहल्ल्यातल्या चार-पाच तरुणांनी एक फेरी मारावी. दुर्बीण लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा पुरतो. खालून फोटो काढून मोठा करून पाहिला की गंजलेला जोड, भिंतीपासून सुटलेली भुजा, एका बाजूला झुकलेला एसी दिसतो. फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकून कोणाची बेइज्जती करू नका. त्या घराचे दार वाजवा आणि दाखवा. भाडेकरू असेल तर मालकालाही कळवा, कारण बोल्ट भाडेकरूचा असला तरी भिंत मालकाची असते. या फेरीत एक गोष्ट हमखास सापडेल: एसी कधीच काढून नेलेला, घर बदललेले, आणि भिंतीवर नुसते रिकामे ब्रॅकेट लटकते आहे. कबुतरे त्यावर बसतात, कोणी त्यावर कुंडी ठेवतो, कोणी दोरी बांधून कपडे वाळवतो. ते आतून उघडून काढायचे, भोके सिमेंटने भरायची आणि लोखंड भंगारवाल्याला द्यायचे.